थकलेल्या दिवशी किती चालायचं?

(आपल्या मंदिराच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सप्टेंबरात मी डॉर्सेटमधल्या वेमथला अर्ध-अंतराची ट्रायथलॉन पूर्ण केली. त्या निमित्ताने तुम्ही आपल्या भोजनसेवेला देणग्या दिल्यात, कोणी पाच पौंड, कोणी पन्नास. त्याबद्दल आधी मनापासून आभार मानते. तेव्हापासून आरतीनंतर कोणी ना कोणी मला विचारतं, "अगं, तू एवढी दमलेली होतीस, मनही नव्हतं, मग जमलं कसं?" आज त्याबद्दलच चार शब्द बोलते. पराक्रम सांगायला मी उभी नाही. दमलेपण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून बोलते.

आधी ही शर्यत काय असते ते सांगते. १.९ किलोमीटर पोहायचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या २५ मीटरच्या तलावात ७६ वेळा या टोकाहून त्या टोकाला. लगेच ९० किलोमीटर सायकल, साधारण मुंबईहून लोणावळ्याच्या थोडं पुढे. आणि मग २१.१ किलोमीटर धावणं. हे सगळं साडेआठ तासांत. याच्या दुप्पट अंतराची शर्यत १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाली. पोहणारा, सायकल चालवणारा आणि धावणारा, यांत सगळ्यांत दमदार कोण, या वादातून ती निघाली. पहिल्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. आता आपल्याकडेही हे वेड आलं आहे. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ पासून अर्ध-अंतराची शर्यत होते आणि महाराष्ट्रातून पुष्कळ मंडळी तिथे उतरतात.

नाव मी आदल्या वर्षीच नोंदवलं होतं. जानेवारीत आईला पक्षाघात झाला आणि ती आमच्या घरी आली. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. सकाळी तिचं आवरून मी कामावर जाते. आठवड्याला दहा तास सराव हवा, मला चार-पाच मिळाले. शर्यतीच्या पंधरा दिवस आधी तर सायकलकडे बघावंसंही वाटेना.

तेव्हा मी स्वतःला पहिला प्रश्न विचारला, मी आजारी आहे की नुसती थकलेली? हा फरक फार महत्त्वाचा आहे. ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर जिद्द बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. मला यातलं काही नव्हतं. झोप अपुरी होती आणि मन विटलं होतं. मग मी उद्दिष्ट बदललं. साडेसहा तासांचा जुना हिशोब पुसून टाकला. साडेआठ तासांच्या आत, धडधाकट परत यायचं, एवढंच ठरवलं. ओझं तिथेच निम्मं झालं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी समुद्राचं पाणी १६-१७ अंश होतं. रबरी वेटसूट असला तरी चेहऱ्याला गार पाणी लागलं की श्वास एकदम अडकतो आणि छाती धडधडते. त्यात मन आधीच नाराज. अशा वेळी हातपाय मारत सुटायचं नाही, पाठीवर उताणं तरंगायचं. इथले समुद्रावरचे जीवरक्षकही हेच शिकवतात. गारठ्याचा पहिला धक्का दीड-दोन मिनिटांत ओसरतो. मी आकाशाकडे बघत तरंगले, श्वास जागेवर आला, मग पोहू लागले. ५२ मिनिटांनी बाहेर आले.

सायकलवर डॉर्सेटच्या टेकड्या सुरू झाल्या. एक चढ संपला की दुसरा हजर. साधारण साठाव्या किलोमीटरला मनात आलं, "पुरे झालं, कशासाठी हे सगळं?" पण इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे. लांब पल्ल्यात मन खचल्यासारखं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा पोट रिकामं असतं. दीड-दोन तासांच्या मेहनतीत अंगातली साठवलेली साखर संपत येते, आणि मेंदूला साखर कमी पडली की सगळंच अंधारून येतं. खिशात खजूर, चिक्की आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे होते. दर अर्ध्या तासाने खायचं, भूक असो वा नसो. खाल्लं, पाणी प्यायले, आणि पंधरा मिनिटांत तोच चढ जरा बरा वाटू लागला.

धावण्याचा रस्ता वेमथच्या समुद्राकाठचा. तिथे तिसऱ्या जॉर्ज राजाचा रंगीत पुतळा आहे. हा राजा १७८९ साली प्रकृतीला उतार पडावा म्हणून समुद्रस्नानाला तिथे आला आणि पुढे येतच राहिला. त्या पुतळ्यापुढून मी किती वेळा गेले ते मोजलं नाही. २१ किलोमीटरचा विचारच करायचा नाही असं ठरवलं होतं. पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत धावायचं. पाण्याचं टेबल आलं की चालायचं, दोन घोट घ्यायचे आणि पुन्हा पुढचा खांब.

यात नवीन काही नाही. आपले वारकरी आळंदीहून पंढरपूरला सुमारे २५० किलोमीटर चालतात, पण सकाळी निघताना कोणी २५० चा हिशोब करत नाही. पुढचा विसावा, मग संध्याकाळचा मुक्काम. आणि मुक्कामावर कोणीतरी भाकरी घेऊन उभं असतं. वेमथच्या रस्त्यावरही अनोळखी आजी-आजोबा केळ्याचे तुकडे हातात घेऊन तासन् तास उभे होते. ७ तास ५२ मिनिटांनी माझी शर्यत संपली. उत्साह शेवटपर्यंत आला नाही, पण त्याच्यावाचून काही अडलंही नाही.

वयाचं कारण सांगणाऱ्यांसाठी एक उदाहरण देते. जपानचे हिरोमू इनादा. साठाव्या वर्षी पत्नीच्या आजारपणामुळे नोकरी सोडली आणि त्याच काळात पोहायला लागले. पहिली ट्रायथलॉन केली सत्तराव्या वर्षी. २०१५ साली हवाईच्या पूर्ण अंतराच्या शर्यतीत अवघ्या काही सेकंदांनी त्यांची मुदत हुकली. पुढच्या वर्षी ते परत आले आणि पूर्ण करून गेले. २०१८ मध्ये, ८५ वर्षांचे असताना, १७ तासांच्या मुदतीत त्यांनी ती पुन्हा पार केली. आपल्याला कोणालाच हे करायचं नाही. एनएचएस पासष्टीच्या पुढच्यांना सांगतं की आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस ताकदीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. खुर्चीतून हात न टेकता उठणं हाही एक व्यायाम आहे. ज्या दिवशी मन नसेल, त्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन या. तो तुमचा दिव्याचा खांब. ज्यांचे गुडघे, हृदय किंवा मधुमेहाचे उपचार चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते बोलते. या सभागृहात अशा कितीतरी काकू आहेत ज्या पंचाहत्तरीत काकांची आंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं सगळं एकट्या करतात, आणि विचारलं की म्हणतात, "चाललंय बरं." माझी शर्यत एका दिवसाची होती, तुमची रोजची आहे. माझ्या वाटेवर दर थोड्या अंतरावर पाण्याचं टेबल होतं. तुमच्या वाटेवर ते कोणी मांडलंय का? त्या शनिवार-रविवारी आपल्या मंडळातल्या दोन मावश्या आईजवळ बसल्या होत्या, म्हणून मी वेमथला जाऊ शकले. मदत घेतली म्हणजे माया कमी झाली, असं नसतं.

सरकारी सोयही आहे. घरच्या माणसाची देखभाल करणाऱ्या कोणालाही इंग्लंडमध्ये काउन्सिलकडून केअरर्स असेसमेंट मागता येतं. ते २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे मिळतं आणि विनामूल्य असतं. जीपीकडे 'केअरर' म्हणून नाव नोंदवा. पेन्शनच्या वयानंतर ज्यांना रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते त्यांच्यासाठी अटेन्डन्स अलाउन्स आहे, आणि तो उत्पन्न किंवा बचत बघून ठरत नाही. अर्ज लांबलचक असतो. तो भरायला आपले स्वयंसेवक मदत करतील, कार्यालयात सांगा.

शेवटी एक विनंती. भोजनसेवेला देणगी हवीच आहे, पण त्याहून जास्त माणसं हवी आहेत. आठवड्यातून दोन तास कोणाच्या घरी बसतील, चहा करतील, जुन्या गप्पा मारतील, अशी. गाडी चालवता येत असेल तर डबे पोचवायला या. ज्यांना बाहेर पडणं जमत नाही त्यांनी एकाकी असलेल्या एखाद्याला रोज फोन करावा, तीही सेवाच आहे. आणि ज्यांना मदत हवी आहे, त्यांनीही संकोच न करता नाव द्यावं. दोन्ही याद्या कार्यालयाबाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत.

 रामकृष्ण हरी.