बाहुल्यांची पेठ

बाहुली विकत घेणे हे पोरासोरांचे काम आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास आमच्या नंदुरबारच्या बाजारातून एकदा फेरफटका मारावा. खानदेशातल्या मुलींचा तो गुलाबाईचा सण. मातीची गुलाबाई आणि शेजारी तिचे गुलाबराव, म्हणजे पार्वती-शंकरच, अशी जोडी घरी आणावयाची, कोजागिरीपर्यंत तिच्यापुढे गाणी म्हणावयाची, झाकून आणलेला खाऊ ओळखावयाचा आणि अखेर तिला पाण्यात सोडावयाचे. महिन्याभराचाच हा संसार; पण ती जोडी निवडताना दहा वर्षांची पोर जी पारख करते, ती सराफालाही साधणार नाही. एकीचे डोळे तिरवे, दुसरीचे नाक बसके, तिसरीच्या लुगड्याचा रंग काठाबाहेर ओघळलेला! बापाचा हात खिशाशी गेलेला असतो, आणि पोर चौथ्या दुकानाकडे चालू लागलेली असते.

अशीच पारख मी अलीकडे फार दूरच्या मुलखात पाहिली. मुलाच्या नोकरीमुळे त्याचे बिऱ्हाड टोकियोच्या निशी-कासाई भागात आहे. आपल्या देशातली पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात. काही आठवडे मीही तेथे होतो, आणि चौदा वर्षांच्या नातवाचा सोबती म्हणून तेथील बाहुल्यांच्या पेठा मला पायांखाली घालाव्या लागल्या.

या बाहुल्या म्हणजे ॲनिमे नावाच्या जपानी चलच्चित्रकथांतील पात्रांच्या, वीतभर उंचीच्या, प्लास्टिकच्या मूर्ती. मुले त्यांना 'फिगर' म्हणतात. नाव परके वाटले तरी ओळख अगदीच नवी नाही. आपल्या दूरदर्शनवर १९९० नंतरच्या काळात ज्या मोगलीने घरोघरची मुले पडद्यापुढे खिळवून ठेवली, ती मालिका १९८९ साली जपानात तयार झाली होती. त्या काळी मोगलीची मूर्ती विकत मिळते की काय, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आताची मुले प्रथम तेच विचारतात.

आकिहाबारा ही या मालाची मोठी पेठ. आपण रेडिओवरून बोलत आहोत म्हणून सांगतो, ही पेठ मुळात रेडिओची. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे फेरीवाले रेडिओचे सुटे भाग विकीत. १९४९ साली त्यांना रस्त्यावरून उठविण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांतले कित्येक लोहमार्गाखालच्या गाळ्यांत शिरले. पुढे तेथे दूरचित्रवाणीचे संच आले, मग संगणक आले, आणि संगणकवेड्या तरुणांच्या मागोमाग या मूर्ती आल्या. तेथल्या एका उंच इमारतीचे नाव अजूनही 'रेडिओ काइकान', म्हणजे रेडिओ भवन असे आहे. सध्याची इमारत २०१४ सालची; आत मजल्यामागून मजले मूर्तींचीच दुकाने. कित्येक ठिकाणी काचेच्या लहान पेट्या भाड्याने देतात. कोणीही गृहस्थ आपल्या संग्रहातली मूर्ती तीत ठेवतो, किमतीची चिठ्ठी लावतो आणि घरी जातो; विक्री दुकानदार पाहतो.

मला मात्र नाकानो ब्रॉडवे अधिक आवडले. ही १९६६ सालची, राहती घरे आणि दुकाने एकत्र असलेली इमारत. फुरुकावा नावाच्या एका चित्रकथाकाराने १९८० साली तेथे जुन्या चित्रकथांचे लहानसे दुकान थाटले; तेच पुढे 'मांदाराके' म्हणून वाढले. तेथल्या वापरलेल्या मालावरच्या चिठ्ठ्या वाचताना (वाचून दाखवीत होता नातू) मला उत्तरपत्रिकांवरच्या शेऱ्यांची आठवण झाली. खोके दबलेले, खोके उघडलेले, एक सुटा भाग कमी: विकणाराच आपल्या मालाचे व्यंग आधी लिहून ठेवतो!

आता पैशाची गोष्ट. चांगल्या मूर्तीला पंधरा-वीस हजार येन सहज पडतात, म्हणजे आपले आठ-दहा हजार रुपये किंवा अधिक. कित्येक मूर्ती आगाऊ मागणी घेऊनच बनवतात. तो काळ टळला की भाव चढतो. नातवाने चार महिन्यांचा हातखर्च साठविला होता. मुलगा नाखूष, प्लास्टिकवर इतका पैसा का, हा त्याचा प्रश्न, आणि तो खोटा नव्हे. मी मधला मार्ग सुचविला: तीन दुकाने पाहिल्यावाचून खरेदी नाही. पोराने पाच पाहिली. शेवटी त्याने उघडलेल्या खोक्यातली मूर्ती घेतली. कारण ती पुष्कळ स्वस्त होती आणि खोके तो घरी जाऊन उघडणारच होता. खोके कधीच न उघडता मूर्ती जपणारेही संग्राहक असतात. ती रसिकता मला अद्याप कळलेली नाही.

त्या खोक्यावर एक गोष्ट नातवाने मला दाखविली: मूळ नमुना घडविणाऱ्या मूर्तिकाराचे नाव. कारखाना बहुधा चीनमधला, प्रती असंख्य, तरी पहिला हात कोणाचा ते छापलेले. मुले त्या नावावरून मूर्ती मागतात. आमच्या नंदुरबारच्या कारखान्यांतल्या गणेशमूर्ती गुजरात आणि मध्य प्रदेशापर्यंत जातात. त्यांचे डोळे कोणी रेखले, हे नेणाऱ्याला ठाऊक नसते. गुलाबाईचे तर विचारूच नका.

आपल्या घरची मुले हा माल मुंबई-पुण्यात किंवा घरबसल्या मागवितात, त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी थोडे सांगतो. नकली माल पुष्कळ आहे. खोक्यावर कंपनीचे नाव नसणे, डोळ्यांची छपाई फुसकट असणे, सांध्यांच्या रेघा उघड दिसणे, उग्र वास येणे आणि भाव संशय यावा इतका कमी असणे, ही त्याची लक्षणे. खरी मूर्तीही उन्हात ठेवली तर तिचा रंग उडतो. काही वर्षांनी प्लास्टिक मऊ राखणारे द्रव्य बाहेर येऊन मूर्ती चिकट होते; मुले घाबरतात आणि ती टाकून देतात. तसे करू नये. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून ती हलक्या हाताने धुवावी आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावी.