नाटक शिकायचं म्हणजे काय शिकायचं?

बारावीनंतर मुलानं ‘मी नाटक शिकणार’ म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘ते काय शिकायचं असतं?’

असतं. पुणे विद्यापीठात 1987 साली ललित कला केंद्र सुरू झालं. ‘महानिर्वाण’चे नाटककार सतीश आळेकर यांनी पुढे अनेक वर्षं ते सांभाळलं. मुंबई विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्राचा विभाग आहे.

प्रवेश घेतला की लगेच मोठी भूमिका मिळेल, असं समजू नका. सुरुवात होते श्वासापासून. पोटातून श्वास घेऊन, न ओरडता, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा, हे माइकच्या जमान्यातही घोटून घेतात, आणि ते योग्यच आहे. सोबत भरताचं नाट्यशास्त्र, स्तानिस्लाव्हस्की आणि ब्रेख्त या रंगकर्मींचे नाट्यविचार. अभिनयाच्या ओढीनं आलेल्याला नेपथ्याचे खिळे ठोकावे लागतात, दिवे टांगावे लागतात. कित्येकांना आपण नट नसून प्रकाशयोजनाकार आहोत, हे तिथेच उमगतं.

पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा 1963 पासून मुलं घडवत आल्या आहेत, हे खरं. पण स्पर्धेत सगळं लक्ष त्या एका प्रयोगावर असतं. चुकत माकत, निवांत शिकायला वर्गच हवा.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ. तिथे मात्र आधी पदवी लागते, नाटकात काम केल्याचा अनुभवही लागतो. तेव्हा बारावीनंतर थेट दिल्लीची गाडी पकडू नका!