इंजिनाची उस्तवार
(घोटावडे येथील प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या महिन्यात वर्गातली काही माणसे आमच्याबरोबर पुण्याला आली होती. घोटावडे फाट्यावर बस धरली आणि कोथरूडला उतरलो. तिथे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या किंवा नवलाच्या वस्तू जपून ठेवायची जागा. भाऊ जोशी यांना आगगाडीचा भारी छंद. त्या छंदापायी त्यांनी एक चिमुकले शहर उभे केले. त्यात घरे, पूल, दिव्यांचे खांब, सिग्नल आणि मधून धावणाऱ्या इवल्याशा गाड्या. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले.

अशा छोट्या गाडीला वीज रुळातून मिळते. रुळावर धूळ बसली की वीज चाकात उतरत नाही आणि गाडी अडते. म्हणून रूळ पुसावे लागतात, चाके पुसावी लागतात. हे ऐकून आपल्यातल्या एक आजी म्हणाल्या, "ह्या बारक्या गाडीचं एवढं, मग खऱ्या इंजिनाचं किती असंल?"

आजचे बोलणे त्या प्रश्नावरच आहे.

पंढरीला जाणारी बार्शी लाईट जाणत्या मंडळींनी पाहिली असेल. ती १८९७ साली सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. पुढे तिचे रूळ रुंद केले आणि छोट्या इंजिनांचे काम संपले. काम संपलेले इंजिन बहुधा लोखंडाच्या भावाने भंगारात जाते. काही इंजिने स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभी करतात. वरून रंग देतात. आम्हाला ते फारसे पटत नाही. रंगाच्या आत पाणी मुरते आणि गंज आपले काम करीत राहतो. पावसाळाभर उघड्यावर राहिलेले पंपाचे इंजिन ज्याने पाहिले, त्याला हे सांगायला नको.

इंग्लंडला लागून वेल्स नावाचा प्रदेश आहे. तिथे टॅलिथ्लिन रेल्वे आहे. नाव अवघड आहे, आम्हालाही तीनदा म्हणावे लागले. तुम्ही ज्या पाटीवर अक्षरे गिरवलीत, तसला पाटीचा दगड खाणीतून आणायला ती बांधली होती. खाण बंद पडली. १९५० साली मालक वारले. रुळांत गवत माजले होते, खालची लाकडे कुजली होती. आता रेल्वे मोडीत निघणार, असे सगळ्यांना वाटले. पण काही हौशी माणसे पुढे आली. म्हणाली, पगार नको, आम्ही चालवतो. १९५१ च्या मे महिन्यात त्यांनी पहिली गाडी सोडली. जुन्या दोन इंजिनांपैकी एकच चालण्याजोगे होते. त्याचे नाव डोलगॉख, बांधणी १८६६ सालची. दुसरे दुरुस्त होऊन धावायला १९५८ साल उजाडले. लोकांनी रेल्वे आपल्या हातांनी राखली, असे जगात प्रथम तिथे घडले.

आता दुरुस्ती म्हणजे काय ते पाहू. बॉयलर हे इंजिनाचे पोट. घरच्या पाणी तापवायच्या बंबात मधून एक नळी असते ना? इथे तशा पुष्कळ नळ्या असतात. नळ्यांतून आच जाते, भोवती पाणी उकळते. पाण्यातला क्षार नळ्यांवर पुटासारखा चढतो. तो खरवडून काढायचा. झिजलेल्या नळ्या बदलायच्या. मग बॉयलर गार पाण्याने भरून आत जोराचा दाब द्यायचा आणि कुठे पाझरते का ते बघायचे. पाझरले तर पुन्हा सगळे खोलायचे. यात चालढकल चालत नाही. वाफेचा बॉयलर फुटला तर जवळच्या माणसाचे काही उरत नाही.

विस्तवही एकदम पेटवत नाहीत. लोखंड एकीकडे तापले, दुसरीकडे गार राहिले, तर सांधे सुटतात. म्हणून सकाळच्या गाडीसाठी कुणीतरी पहाटेच उठून येतो. एक हातात तेलाची बुधली घेऊन सांध्यासांध्याला तेल घालतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात तसेच हे.

आपल्या देशातही असा एक हौशी माणूस होऊन गेला. त्यांचे नाव मायकेल सॅटो. मोठ्या कंपनीत अधिकारी होते, पण जुनी इंजिने शोधत हिंडायचे. पंजाबात पतियाळा संस्थानात १९०७ साली एका रुळावरची रेल्वे झाली होती. एक चाक रुळावर, तोल सांभाळायला मोठे चाक रस्त्यावर! १९२७ साली ती बंद पडली. तिचे इंजिन एका शेडमध्ये पडून होते. १९६२ साली ते सॅटो यांना सापडले. पुढे अमृतसरच्या रेल्वे कारखान्यातल्या कारागिरांनी ते नीट केले आणि ते दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आले. पस्तीस वर्षे कुणी हात न लावलेल्या इंजिनात पुन्हा वाफ धरली. त्याच संग्रहालयात आपल्या माथेरानच्या जुन्या गाडीचेही एक इंजिन आहे.

दिल्ली लांब आहे. कोथरूड जवळ आहे. मागच्या खेपेला ज्यांना येता आले नाही, त्यांच्यासाठी आम्ही पुन्हा जाणार आहोत. दाराशी वही ठेवली आहे. येणाऱ्यांनी आपले नाव तिच्यात स्वतःच्या हाताने लिहावे. आजी, तुम्हीसुद्धा.