अल्पसंतोषाचा आरोप



या अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणासाठी दारिद्र्याची सामाजिक आणि मानसिक कारणे हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. कोकणी माणूस अल्पसंतुष्ट, पेजभात मिळाला की पडवीत बसून राहतो, जमीन पडीक ठेवील पण भाऊबंदांशी कोर्टात भांडेल, हे या रत्नागिरी जिल्ह्याने फार ऐकले आहे. बाहेरचे म्हणतात ते सोडा, आपणही तेच म्हणतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दारिद्र्याची कारणे म्हणून आळस, व्यसन, अज्ञान अशी यादी येते आणि अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकवणारे आपण तिला गुण देतो. त्या यादीला माझा विरोध आहे. ज्याला आपण स्वभाव म्हणतो तो बहुतेक वेळा पिढ्यांच्या अनुभवाने शिकवलेला हिशेब असतो. तो अनुभव कोणी दिला, हे तपासल्याशिवाय स्वभावाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खोतीकडे पाहा. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला होता आणि 1880 च्या कायद्याने इंग्रज सरकारने ही व्यवस्था पक्की केली. अर्धेल द्यायचा म्हणजे पिकलेल्या भाताचा निम्मा भाग खोताच्या घरी पोचवायचा. त्यावर वेठ. आपल्याकडे लावणीचे दिवस मोजके. पाऊस धरतो तेव्हाच हात चालवावे लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कुळाला आधी खोताच्या शेतात उतरावे लागे. आता त्या कुळाच्या जागी उभे राहून विचार करा. जास्त पिकवले तर जास्त द्यावे लागणार. आंब्याचे कलम धरायला वर्षे लागतात, आणि तोवर जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नाही. अशा माणसाने कष्ट वाढवले नाहीत, घरात आले ते खाऊन टाकले, चार पैसे जमले तरी ते दिसू दिले नाहीत, तर त्याने चूक काय केली? नातवंडांनी हीच रीत उचलली आणि आपण तिला अल्पसंतोष असे नाव दिले.

हाच माणूस आशेचे कारण दिसताच कसा वागतो, याचा पुरावा शेजारच्या जिल्ह्यात आहे. 1933 साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला. तो 1939 पर्यंत चालला. इतकी वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षे टिकून राहणारी ही माणसे निरिच्छ होती, असे कोण म्हणेल? 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्यांत कुणबी होते, महार होते. जातीच्या भिंती असूनही ते एका मागणीसाठी चालले, ही गोष्ट मला विधेयकाइतकीच मोलाची वाटते. कायदा मात्र 1949 साली झाला.

दुसरे उदाहरण दापोलीच्या परिसरातले. इथल्या महार कुटुंबांतले अनेक जण इंग्रजांच्या पलटणीत होते. पलटणीने ठरलेला पगार दिला, पेन्शन दिले, मुलांना अक्षर दिले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ सैन्यात शिक्षक झाले, सुभेदार झाले. त्यांच्या मुलाचे, डॉ. आंबेडकरांचे, नाव मी वर घेतलेच आहे. गावाने ज्यांना शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या घरात एका पिढीत केवढा पालट झाला! पुढे सरकारने महारांची भरती थांबवली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहत होते. त्यांनी सरकारकडे अर्ज करून दाद मागितली, पण ती मिळाली नाही. माणसे तीच होती, कर्तृत्व तेच होते. दार बंद झाले ते वरून.

मग मुंबईच्या गिरण्या. पुरुष गिरणगावात, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, आणि इकडे मनीऑर्डरची वाट पाहणारे घर. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. शेत मागे राहिलेल्या बाईने राखले, गुरे तिने पाहिली, सासूसासऱ्यांचे औषधपाणी तिने केले. पण सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, तेही एकट्याचे नाही. चुलते, आत्या, पुतणे, कुठे कुठे डझनावारी हिस्सेदार, निम्मे मुंबईत. तिला विहीर खणायची तर कोणाची सही आणायची? बँक तिला उभी करीत नाही. मोठा निर्णय चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला येईल तेव्हा. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक घरांत मनीऑर्डर आली ती शेवटचीच. जमिनीत पैसा घालण्याची सवय लागलीच नव्हती, कारण ती लागावी अशी व्यवस्थाच नव्हती.

टंचाई मनावरही काम करते, हे मी नाकारत नाही. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी कापणीआधी, हात तंग असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि कापणीनंतर सुधारले. उत्तर प्रदेशातल्या एका प्रयोगात मुलांची जात सर्वांसमक्ष जाहीर केली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. जात पुकारली नव्हती तेव्हा हीच मुले इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. म्हणजे मन खचते हे खरे, पण ते आपोआप खचत नाही.

आणि लाज. पालगडच्या खोताच्या घरात जन्मलेल्या साने गुरुजींनी 'श्यामची आई'त कर्ज आणि जप्तीने घराचे काय होते ते लिहून ठेवले आहे. खोताचे घरही या फेऱ्यातून सुटले नाही. आपण ते पुस्तक आईच्या मायेसाठी वाचतो. त्यातली लाजही वाचायला हवी. सावकार दारात येतो तेव्हा घर मदत मागत नाही, दार लोटून घेते. आजही फी थकलेला मुलगा कारण न सांगता कॉलेज सोडतो आणि आपण हजेरीपटावर रेघ मारतो.

तेव्हा मित्रहो, माझी मागणी साधी आहे. येत्या वर्षी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जवळची एक वाडी घ्यावी. कुणबीवाडी घ्या, बौद्धवाडी घ्या, कातकऱ्यांची वस्ती घ्या. घरटी विचारा: जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे आणि कशासाठी, शाळा कोणी सोडली आणि कोणत्या महिन्यात. स्त्रियांना वेगळे भेटा, पुरुष उत्तर देत असताना नव्हे. जे हाती येईल ते त्या वाडीच्या ग्रामसभेत आधी वाचून दाखवा आणि मगच पुढच्या अधिवेशनात आणा. आणि प्रश्नावलीतला आळसाचा रकाना आजच काढून टाका.