वाघ्याचा पुतळा आणि रामाजी अनंतांना गेलेले पत्र



रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर एक कुत्रा आहे. वाघ्या. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. महाराज गेले ३ एप्रिल १६८० ला. पुतळा बसला १९३६ साली. वाघ्याचे नाव सांगणारा महाराजांच्या काळातला एकही कागद अभ्यासकांना मिळालेला नाही.

त्यावरून भांडण पेटले. ऑगस्ट २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी पुतळा उखडून टाकला; थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी तो हटवण्याची मागणी केली. स्मारकाला होळकरांची मदत झाली होती, म्हणून धनगर समाजातून विरोध झाला. एक म्हणतो इतिहासाचा अपमान, दुसरा म्हणतो आमचा अपमान.

मी कोणाच्या श्रद्धेची चेष्टा करायला उभा नाही. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर रात्र काढणाऱ्याला कुत्र्याचे इमान कोणी शिकवायला नको. म्हणून तर ही कथा कागदावाचून टिकली. पण कथेला कथा म्हणावे, इतिहासाला इतिहास. आणि पुतळ्याचा निकाल पहारीने लागू नये, समोरासमोर बसून लागावा.

माझे दुःख वेगळे आहे. वाघ्या घरोघर ठाऊक आहे. पण ५ सप्टेंबर १६७६ ला महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पत्र धाडले, ते कितीजणांना ठाऊक आहे? त्याला कागदाचा पुरावा आहे. त्यात हुकूम असा: रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याच्याकडे राबायला माणसे आहेत पण बैल नाहीत, त्याला बैलासाठी पैसे द्या. पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्या. वाढीदिढी न लावता मुद्दलच घ्या, तेही त्याला ताकद येईल तसे.

१८६९ साली जोतीराव फुल्यांनी महाराजांना कुळवाडीभूषण म्हटले, ते उगाच नाही.

वाघ्याचे काय व्हायचे ते होईल. त्याच्यापायी एका गावातल्या दोन घरांनी एकमेकांचे तोंड पाहू नये, असे होऊ देऊ नका. पोरांना वाघ्याची गोष्ट जरूर सांगा. त्याच बैठकीत ते बैल आणि ते दाणेही सांगा. पत्राचा पुतळा होत नाही. ते आपल्यालाच पाठ ठेवावे लागेल.