संकेतस्थळाला जोड : प्लगिन निवडावे कसे, बसवावे कसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणी आता लिहू लागल्या आहेत. कोणी पाककृती लिहिते, कोणी विणकामाचे नमुने, कोणी प्रवासाच्या हकीकती. दिवाळीच्या फराळाच्या मागण्या स्वतःच्या संकेतस्थळावर घ्याव्यात असे वाटणाऱ्याही चारसहाजणी इथे बसल्या आहेत. या साऱ्यांचा प्रश्न मात्र एकच असतो : "ते प्लगिन प्लगिन म्हणतात, त्यातले आम्ही घ्यायचे तरी काय?" चिटणीसबाईंनी आज मला त्यावरच बोलायला सांगितले आहे.

आपण बहुतेकजणी वर्डप्रेस वापरतो, म्हणून त्याच्याविषयीच बोलते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते 2003 साली प्रथम लोकांपुढे ठेवले, आणि पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, त्याला प्लगिन जोडण्याची सोय झाली. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चार तरी वर्डप्रेसवर चालतात. प्लगिन म्हणजे मूळ यंत्रणेला हात न लावता तिला बाहेरून जोडायचा कामाचा तुकडा. शिवणयंत्र तेच असते; काजे करायचे झाले किंवा झालर चुणायची झाली, की आपण त्याला वेगळे साधन लावतो. तसेच हे.

पण इथे एक फरक आहे, आणि तो नीट ध्यानात घ्या. शिवणयंत्राचे साधन फक्त कापडाला लागते. प्लगिन एकदा चालू केले, की त्याला संकेतस्थळाचे सारे घर मोकळे होते. तुमचे लेख, तुमच्याकडे मागणी नोंदवणाऱ्या बायकांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक, सगळे त्याला वाचता येते आणि बदलताही येते. वर्डप्रेसमध्ये एका प्लगिनला एका खोलीपुरते कोंडून ठेवायची सोय नाही. तेव्हा "फुकट आहे, लावून तर पाहू" ही वृत्ती इथे कामाची नाही. अनोळखी माणसाला घराची किल्ली देताना आपण जितकी चौकशी करू, तितकी इथेही केली पाहिजे.

वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात सुमारे साठ हजार प्लगिन विनामूल्य मिळतात. एवढा बाजार पाहिला की मोह होतोच! म्हणून बाजारात शिरण्यापूर्वी यादी करावी, आणि यादीतल्या प्रत्येक गोष्टीला खरोखर प्लगिन लागते का हे पाहावे. एक उदाहरण सांगते. मराठी मथळा दिला, की लेखाचा पत्ताही देवनागरीत तयार होतो, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांची चिन्हे आणि आकडे यांची हातभर लांब शेपटी दिसते. त्यावर प्लगिन शोधणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. वास्तविक लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन शब्द टंकले की काम भागते. मराठी टंकलेखनाचेही तसेच. ते काम आपल्या फोनचा किंवा संगणकाचा कळफलकच करतो. गंमत अशी की वर्डप्रेसबरोबर 'हॅलो डॉली' नावाचे एक प्लगिन वर्षानुवर्षे आयतेच येत राहिले. त्याचे काम एवढेच, की लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याची एखादी ओळ कोपऱ्यात दाखवायची. खुशाल काढून टाका.

मग लागते काय? माझ्या मते पहिले प्लगिन प्रती ठेवणारे. 'अपड्राफ्टप्लस' विनामूल्य मिळते आणि सगळ्या संकेतस्थळाची प्रत आपल्या गूगल ड्राइव्हवर ठेवते. प्रत त्याच सर्व्हरवर ठेवण्यात अर्थ नाही. घराला आग लागली तर कपाटातली नक्कलही जळायचीच. वाचकांना अभिप्राय लिहू देत असाल, तर जाहिरातींचा कचरा अडवायला 'अकिस्मेट' चांगले. मात्र ते विनामूल्य आहे ते निव्वळ हौसेच्या, वैयक्तिक लिखाणासाठी. फराळ विकणारीने त्याचे पैसे भरायला हवेत.

मागणी-अर्जाविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण त्यात पैसा आणि शब्द दोन्ही गुंतलेले असतात. ताकायुकी मियोशी या जपानी गृहस्थांचे 'काँटॅक्ट फॉर्म 7' जगभर लाखो ठिकाणी वापरले जाते. ते साधे आणि उत्तम आहे. पण आलेला अर्ज ते फक्त ईमेलने पाठवते, स्वतःजवळ जपून ठेवत नाही. जपायचा असेल तर त्याच कर्त्याचे 'फ्लेमिंगो' सोबत बसवावे लागते. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण तशी नाही. सर्व्हरने परस्पर पाठवलेली पत्रे पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात किंवा पोहोचतच नाहीत. आपल्या ओळखीच्या एका भगिनीच्या चकलीच्या मागण्या अशाच कुठेतरी विरून गेल्या, आणि धनत्रयोदशीला दारात आलेल्या गिऱ्हाइकाला तिने काय उत्तर द्यावे? त्यावर उपाय आहे. 'डब्ल्यूपी मेल एसएमटीपी' यासारखे प्लगिन बसवले, की पत्रे आपल्या खऱ्या ईमेल खात्यातून जातात. मग स्वतःच एक खोटी मागणी नोंदवून पाहायची, पत्र आले म्हणजे झाले.

आता पारख. भांडारात प्रत्येक प्लगिनचे पान असते. शेवटची सुधारणा केव्हा झाली, किती ठिकाणी ते चालू आहे आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासले आहे, हे तिथे लिहिलेले असते. तारे सगळ्याजणी पाहतात. मी मात्र मदतीचा विभाग उघडून कर्ता लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो की नाही ते आधी पाहते. दोन वर्षांत हात न लागलेले प्लगिन घेऊ नये.

पण हेही पुरते असे नाही. 'डिस्प्ले विजेट्स' नावाचे एक प्लगिन सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर होते. 2017 मध्ये मूळ कर्त्याने ते विकले, आणि घेणाऱ्याने नव्या आवृत्तीत चोरवाट ठेवून लोकांच्या संकेतस्थळांवर आपल्या जाहिराती घुसवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात ते भांडारातून काढून टाकावे लागले. 2020 मध्ये सात लाखांवर ठिकाणी असलेल्या एका फाइल मॅनेजर प्लगिनमध्ये अशी उणीव निघाली, की परक्याला कुलूप न उघडताच आत आपल्या फाइली ठेवता येत. दुरुस्ती लगेच आली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांचे नुकसान झाले. म्हणून सुधारणांची सूचना दिसली की दुर्लक्ष करू नका. 2020 पासून प्लगिन आपोआप सुधारण्याचीही सोय आहे. आणि पैशांचे प्लगिन कुणी 'फुकटात' देऊ केले तर त्याला नमस्कार करावा. त्या चोरट्या प्रतींत बहुधा आणखी काहीतरी भरलेले असते.

बसवणे सोपे आहे. आधी प्रत काढून घ्यायची. मग डाव्या बाजूच्या यादीत 'प्लगिन' उघडून नवीन जोडायचे, नाव शोधायचे, 'इन्स्टॉल' आणि नंतर 'अ‍ॅक्टिव्हेट' दाबायचे. सारखी नावे पुष्कळ असतात, तेव्हा कर्त्याचे नाव पडताळून पाहा. एका वेळी एकच बसवावे, मग फोनवर आपले संकेतस्थळ उघडून पाहावे, आणि मगच दुसरे. पाच एकदम बसवली आणि काही मोडले, तर दोष कुणाचा हे शोधण्यात दुपार जाते.

पांढरा पडदा दिसला तर घाबरू नका. 2019 पासून अशा वेळी वर्डप्रेस आपल्याला ईमेलने एक दुवा पाठवते. त्याने आत शिरून बिघडलेले प्लगिन बंद करता येते. तो ईमेल आला नाही, तर होस्टिंगच्या फाइलींत प्लगिनचे फोल्डर शोधून त्याचे नाव बदलायचे, म्हणजे ते आपोआप बंद पडते. नको असलेले प्लगिन नुसते बंद करून ठेवू नका, पुसून टाका. बंद असले तरी त्याच्या फाइली सर्व्हरवरच असतात.

चहापानानंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांनी संगणक आणले आहेत त्यांनी आपल्या प्लगिनची यादी उघडून बसावे. आपण एकेक पाहू. फराळाच्या मागण्या घेणाऱ्यांनी आधी यावे, त्यांचे काम घाईचे आहे.