भांगेचा पेला आणि गर्भवती



काशीत राहून भांगेविषयी वावगे बोलणे म्हणजे गंगेच्या काठी बसून स्नानाला नावे ठेवण्यासारखे आहे, असे माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला काल थट्टेने बजावले. म्हणून आरंभीच सांगून टाकते की, कोणी काय प्यावे याविषयी आज मला काही म्हणावयाचे नाही. माझा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. स्त्रीला दिवस राहिल्यापासून तिचे मूल अंगावर पिणे सोडीपर्यंतचा जो काळ, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पाचव्या महिन्यातील एक तरुण स्त्री माझ्याकडे आली. डोके गरगरत होते, छातीत धडधडत होते आणि रात्रभर ती घाबरून बसून होती. सोबत सासूबाई होत्या. विचारपूस करता कळले की, आदल्या दिवशी तिने प्रसादाची थंडाई घेतली होती. पहिल्या पेल्याने काही जाणवले नाही म्हणून दुसराही घेतला होता. सासूबाई काहीशा रागानेच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, महादेवाचा प्रसाद तो, त्याने का कुठे अपाय होतो? मलाही चार मुले झाली. दर वर्षी घेत होते. चारही धडधाकट आहेत."

सूनबाईची धडधड संध्याकाळपर्यंत ओसरली. सासूबाईंचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांची चारही मुले खरोखरच धडधाकट असतील. मग आम्ही वैद्यक शिकलेली माणसे कोणत्या आधारावर नाही म्हणतो?

प्रथम नावांचा घोळ दूर करू. भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे आहेत. पाने वाटून घोटली की भांग. मादी झाडाचे राळेने चिकट झालेले शेंडे म्हणजे गांजा. आणि ती राळच वेगळी काढली की चरस. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांच्यावर बंदी घातली, पण शेंड्यांवाचून असलेली पाने गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली. त्यामुळे आमच्या राज्यात भांगेची परवानाधारक दुकाने आजही उघडपणे चालतात. कायद्याने केलेला हा भेद लोकांच्या मनात अपायाचा भेद होऊन बसला आहे. गांजा वाईट आणि भांग निरुपद्रवी, असे सुशिक्षित माणसेही मानतात. गर्भाच्या दृष्टीने या भेदाला अर्थ नाही, कारण तिन्हींतील मुख्य मादक द्रव्य एकच आहे. इस्रायलमधील राफाएल मेकूलम आणि येचिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असे लांबलचक आहे, आपण टी.एच.सी. म्हणू.

हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, मेदात विरघळते, आणि पुढचे सारे याच एका गुणधर्मातून निघते. धुरावाटे घेतले तर ते काही मिनिटांत रक्तात पोहोचते. पेल्यातून घेतले तर त्याला तास-दोन तास लागतात, आणि वाटेत यकृत त्याचे आणखी एका मादक द्रव्यात रूपांतर करते. पहिल्या पेल्याने काही झाले नाही म्हणून दुसरा घेणाऱ्याची फसगत होते ती येथेच. नशा उतरली तरी द्रव्य जात नाही. ते शरीरातील चरबीत मुरते व तेथून दिवसेंदिवस थोडे थोडे झिरपत राहते. शार्ङ्गधरसंहितेत भांगेची गणना 'व्यवायी' द्रव्यांत केलेली आहे. आधी सर्व देहभर पसरते आणि मग पचते, ते व्यवायी. त्या ग्रंथकाराजवळ रसायनशाळा नव्हती, पण निरीक्षण मार्मिक होते!

आता, जे सर्व देहभर पसरते ते वारेपाशी येऊन थांबेल कसे? वार ही भिंत आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती भिंतीपेक्षा चाळणीसारखी आहे, आणि मेदात विरघळणारे द्रव्य तिच्यातून सहज पलीकडे जाते.

पलीकडे गेल्यावर ते काय करते, हे समजण्यासाठी एका शोधाची हकीकत सांगितली पाहिजे. टी.एच.सी. मेंदूतील ज्या ग्राहक-रेणूंवर जाऊन बसते, त्यांचा पत्ता १९८८ मध्ये लागला. साहजिकच प्रश्न आला की, निसर्गाने ही कुलपे एखाद्या झाडाच्या किल्लीसाठी तर केली नसतील. मग शरीराची स्वतःची किल्ली कोणती? १९९२ मध्ये मेकूलम यांच्याच प्रयोगशाळेत ती सापडली, आणि संशोधकांनी संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून तिचे नाव ठेवले: आनंदामाइड. नाव मोहक आहे. पण या रेणूचे काम केवळ आनंद देणे नव्हे. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो तेव्हा तेथील आनंदामाइडचे प्रमाण नेमके असावे लागते. पुढे गर्भाचा मेंदू घडू लागला की, कोणत्या मज्जापेशीने कोठे सरकावे, तिच्या तंतूने कोणत्या दिशेला वाढावे, कोणाशी जोडून घ्यावे, याच्या इशाऱ्यांत ही व्यवस्था भाग घेते. अशा ऐन वेळी बाहेरून आलेले, अधिक काळ रेंगाळणारे द्रव्य त्याच कुलपांत जाऊन बसले, तर इशारे चुकण्याची भीती असते. प्राण्यांवरील प्रयोगांत तसे घडताना दिसलेले आहे.

माणसांत काय दिसते? येथे मला अतिशयोक्ती टाळावयाची आहे. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकले गेलेले थॅलिडोमाइड हे औषध गर्भवतींनी मळमळीवर घेतले, आणि हातापायांवाचून जन्मलेली मुले पाहून १९६१ च्या अखेरीस ते मागे घ्यावे लागले. ते व्यंग डोळ्यांना दिसत होते. भांगेचा अपाय असा नाही. मूल दिसायला पुरते असते. काही थोडे उणे असलेच तर ते तराजूवर कळते, किंवा पुढे शाळेत. म्हणूनच सासूबाईंच्या अनुभवाला ते सापडत नाही. १८९३ साली सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, आणि माफक सेवनाने विशेष हानी होत नाही असा निष्कर्ष १८९४ मध्ये दिला. तो अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. परंतु नवजात मुलांचा तराजू त्या चौकशीत नव्हता. खेड्यातील घरी जन्मलेल्या मुलाचे वजन त्या काळी करीत तरी कोण होते?

तराजू पुढे आला. कॅनडातील ओटावा येथे पीटर फ्राइड यांनी १९७८ पासून, आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे नॅन्सी डे यांनी १९८२ पासून, गर्भवतींची नोंद ठेवून त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. ओटावातील नियमित सेवन करणाऱ्या मातांच्या अर्भकांत थरथर व दचकणे अधिक आढळले. चौथ्या वर्षी भाषा व स्मरणशक्तीच्या चाचण्यांत ती मुले थोडी मागे होती. नऊ ते बारा वयात सर्वसाधारण बुद्ध्यंकात फरक नव्हता, मात्र लक्ष टिकवणे व समोरच्या कामाची जुळणी करणे त्यांना कठीण जात होते. पिट्सबर्गच्या मुलांत दहाव्या वर्षी चंचलपणा अधिक दिसला. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे २००२ ते २००६ या काळात जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात गर्भाची वाढ मंदावलेली दिसली, आणि फक्त पिता सेवन करीत असल्यास ती तशी मंदावत नव्हती. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील सहा लाखांहून अधिक गर्भवतींच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वय, धूम्रपान इत्यादी बाबतींत सारख्या अशा स्त्रियांची तुलना केली, तरीही अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाण सेवन न करणाऱ्यांत शेकडा ७.२, तर करणाऱ्यांत १०.२ भरले.

आता दुसरी बाजू. जमैका बेटावरील खेड्यांत मेलानी ड्रेहर यांनी चोवीस सेवन करणाऱ्या आणि वीस न करणाऱ्या मातांची मुले तपासली. १९९४ साली त्यांनी लिहिले की, तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि महिन्याभराने सेवन करणाऱ्या मातांचीच मुले काही बाबतींत सरस ठरली. (जमैकात 'गांजा' हाच शब्द चालतो, १८४५ पासून तेथे गेलेल्या आपल्याकडील गिरमिटिया मजुरांबरोबर तो गेला.) भांगेचे कैवारी हा अभ्यास नेहमी पुढे करतात, आणि तो दडपून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पण त्यातच असेही नमूद आहे की, जास्त सेवन करणाऱ्या त्या स्त्रिया अधिक शिकलेल्या व स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या. संख्या लहान आहे आणि काळ एका महिन्याचा. मला त्यातून एवढेच शिकावयास मिळते की, आईचे अन्न, शिक्षण आणि घरातील स्थान यांचा हात मोठा असतो, आणि भांगेचा वाटा त्यातून वेगळा काढणे नाजूक काम आहे.

नेमक्या याच कारणासाठी आपल्या देशात या प्रश्नाचे वजन अधिक आहे, असे माझे मत आहे. अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद करून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात सेवन करणाऱ्या मातांचे अर्भक सरासरी सुमारे १०९ ग्रॅमने हलके निघाले. साडेतीन किलोच्या मुलाला एवढी तूट सोसते. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, आपल्याकडे वजन नोंदलेल्या नवजात मुलांपैकी शेकडा १८ मुले अडीच किलोच्याही खाली होती, आणि गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने पीडित होत्या. रेषेच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे नवजात अर्भकांच्या कक्षात रात्रपाळी केलेल्या परिचारिकेला विचारावे. शिवाय चिलमीत गांजाबरोबर बहुधा तंबाखूही असतो, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. अशक्त आईपाशी तो मुळातच बेताचा असतो.

पुष्कळ स्त्रिया नशेसाठी घेत नाहीत. कोरड्या उलट्यांनी बेजार होऊन घेतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका अभ्यासासाठी, आपण दोन महिन्यांच्या गर्भवती आहोत असे सांगून चारशे परवानाधारक गांजाविक्री दुकानांना दूरध्वनी केले गेले. शेकडा ६९ दुकानदारांनी उलट्यांवर आपला माल सुचवला. ही गोष्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुकानदार काशीचा असो वा कोलोरॅडोचा, त्याच्याकडून औषधयोजनेची अपेक्षा करू नये. दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांत भांगेमुळेच अनावर उलट्यांचा विकार जडतो, हेही २००४ पासून ज्ञात आहे. अशा स्त्रीला ऊन पाण्याने स्नान केले की तात्पुरते बरे वाटते. ही खूण आमच्या आरोग्यसेविकांनी ध्यानात ठेवावी, कारण उलट्या डोहाळ्यांच्या समजून ती अधिकच भांग घेत राहते. मळमळीवर सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत. ती मागायला संकोच वाटू नये. वैद्यांकडून एखादा पाक वा गुटिका घेत असाल तर त्यात 'विजया' आहे काय ते विचारा. विजया म्हणजे भांगच. कुमाऊँकडील भगिनी भांगेच्या बियांच्या चटणीविषयी विचारतात. स्वच्छ बियांत हे द्रव्य जवळजवळ नसते, आणि २०२१ मध्ये अन्न म्हणून त्यांना मान्यताही मिळाली आहे. मी त्या चटणीला हरकत घेत नाही.

ज्यांनी दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वी होळीला एखादा पेला घेतला, त्यांनी घाबरू नये. वर सांगितलेले अभ्यास मुख्यतः नेहमीच्या सेवनाविषयी आहेत. मात्र अमुक इतकी भांग निर्धोक, असे प्रमाण कोणीही ठरवू शकलेले नाही. ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून थांबावे. बाळंतपणानंतरही सवड नाही, कारण आईचे दूध मेदयुक्त असते. कॅलिफोर्नियातील २०१८ च्या एका अभ्यासात शेवटच्या सेवनानंतर सहा दिवसांपर्यंत दुधात टी.एच.सी. आढळले. तेव्हा सकाळी पेला घेऊन संध्याकाळी पाजले तर चालते, ही समजूत सोडावी.

त्या सूनबाईला दिवस भरून मुलगी झाली. वजन दोन किलो चारशे. त्यात शिवरात्रीच्या दोन पेल्यांचा वाटा किती आणि नऊ महिने अर्धपोटी राहण्याचा किती, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. सासूबाईंनी मात्र मुलीला हातात घेताच, "हलकी आहे," असे आपण होऊन म्हटले. त्यानंतर मी आमच्या तपासणीच्या कागदावर एक प्रश्न वाढवला. 'तुम्ही भांग घेता का?' असे विचारले की सगळ्या जणी मान हलवून नाही म्हणतात. म्हणून आम्ही आता विचारतो, 'तुमच्या घरी भांग घोटते कोण?' पुष्कळदा उत्तर येते, 'मीच.' मग पुढचे बोलणे सुरू करता येते.